तीन तारखा

मोबाइलच्या एका खेळात लोक चित्रविचित्र प्राणी पकडून जमवतात. त्यांतले हॅक करून घुसवलेले नकली प्राणी हुडकून काढणं, ही माझी नोकरी. काल तपासणीच्या यादीत माझ्या धाकट्या भावाचं, श्रीवत्सचं नाव दिसलं. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी त्याच्या खात्यात नंतरचे तीन प्राणी होते. वर्षाला एक. जागा एकच, कुंभकोणमला आमच्या घरामागचा कावेरीचा घाट. तारखांना मात्र ताळमेळ नव्हता: ३ ऑगस्ट, २२ ऑगस्ट, १० ऑगस्ट. माझ्या मेलेल्या भावाच्या नावावर कोणी भामटा खेळतोय, या संतापात मी ते खातं कायमचं पुसून टाकलं.

आज श्रीवत्सचं श्राद्ध. अप्पा घाटावरून ओल्या धोतरानेच परतले आणि त्याचा जुना फोन त्यांनी माझ्यापुढे धरला.



"कीर्ति, दर वर्षी तिथीला पिंड सोडले की त्याच्यासाठी यात एक प्राणी धरून ठेवतो गे मी. आज त्याचं नावच येईना. पोर रागावलं का माझ्यावर?"