नाव न सांगता

"हे कोणी सांगितलं तुला?"

विभागप्रमुख मॅडमनी फॉर्म टेबलावरून तिच्यापुढे सरकवला. अक्षर तिचंच होतं. चाळीसच्या चाळीस फॉर्म तिच्याच अक्षरातले होते. बँकेच्या एचआर विभागात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आल्यावर तिला मिळालेलं हे पहिलंच काम. प्रत्येक कर्मचाऱ्यापाशी जाऊन बसायचं, कामावर कसं वाटतं ते विचारायचं आणि तो सांगेल ते उतरवून घ्यायचं. नाव लिहायचं नाही. फॉर्मच्या माथ्यावर तसं ठळक छापलंच होतं, आणि तिने ते प्रत्येकाला मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं.

या फॉर्मवर चारच ओळी होत्या. 'लॉकर हवा असेल तर आधी विमा घ्या, असं आम्हाला सांगायला लावतात. नियमात तसं कुठेही नाही. परवा एक म्हातारी सही करून रडत गेली. मला माझीच लाज वाटते.'

"मॅडम, मी सगळ्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "नाव कुणाला कळणार नाही म्हणून."

"बरोबरच केलंस. दिलेला शब्द मोडू नये माणसाने." मॅडमचा आवाज मऊ होता. "मी कुठे नाव विचारतेय? लॉकरच्या कामात पाचच माणसं आहेत. मी एकेकाचं नाव घेते. ज्याने हे सांगितलं नसेल, तिथे तू नुसतं 'नाही' म्हण. म्हणजे तुझ्या तोंडून कुणाचंच नाव गेलं नाही. हो की नाही?"

सहा इंटर्नपैकी दोघांना इथेच नोकरी मिळणार होती, आणि ती यादी याच टेबलावर ठरणार होती. घरी वडील आतापासूनच येईल त्याला सांगत होते, आमची धाकटी बँकेत असते.

मॅडमनी पहिलं नाव घेतलं. चौकशीच्या खिडकीवरचे गृहस्थ.

"नाही."

दुसरं नाव काउंटरवरच्या नव्या मुलीचं.

"नाही."

तिसरं खुद्द उपव्यवस्थापकांचं. मॅडम थोड्या हसल्या. तीही हसली. "नाही."

चौथं नाव लॉकरबाईंचं. तळघरात लॉकरचं रजिस्टर सांभाळणाऱ्या या बाईंना सगळी शाखा लॉकरबाईच म्हणे. त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं आणि आपण वरच्या लॉकरांसाठी ठेवलेल्या शिडीच्या पायरीवर टेकून बोलल्या होत्या. बोलताना दोनदा थांबल्या होत्या. 'लिही गं, सगळं लिही,' असंही म्हणाल्या होत्या.

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तीनदा तर म्हणून झालं होतं. पण ती पेनाच्या टोपणाकडे पाहत राहिली.

मॅडमनी पाचवं नाव घेतलंच नाही. कॉम्प्युटरकडे वळून त्यांनी थोडा वेळ टाइप केलं, फोन उचलून लॉकरबाईंना वर पाठवायला सांगितलं, आणि मग तिला म्हणाल्या, "बाहेर प्रिंट आलीय बघ. घेऊन ये."

कागद अजून कोमट होता. ती चालता चालता वाचत आली. दारापाशी ती थांबली, मग आत येऊन तिने तो मॅडमपुढे ठेवला.

लॉकरबाई धापा टाकत आल्या. तीन जिने चढून आल्या होत्या. मॅडमनी फॉर्म दाखवायला हातात घेतला, तोच त्या म्हणाल्या, "माझंच बोलणं आहे ते."

"कबूल आहे तुम्हाला?"

"बोलले ते बोलले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!" मग भिंतीला लागून उभ्या असलेल्या तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "पण या पोरीला बोल लावू नका हं, मॅडम. हिने तोंडातून अवाक्षर काढलं नसेल. तुम्ही माझ्या बोलण्यावरूनच ओळखलं असणार. आधीपासूनच माझं तोंड फाटकं."

मॅडमनी कागद पुढे केला. "यावर सही लागेल."

लॉकरबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. "घाईघाईत चष्मा खालीच राहिला. बाळा, तू वाचून दाखव. तुझं वाचणं स्वच्छ आहे."

तिने कागद घेतला. चौकशी पूर्ण होईपर्यंत आपणांस कामावरून दूर करण्यात येत आहे, इथपर्यंत वाचलं. किल्ल्या आजच जमा कराव्यात, हे वाचलं. त्याखाली एक ओळ होती. 'सदर मजकूर आपलाच असल्याची खात्री विभागातील प्रशिक्षणार्थीकडून करून घेण्यात आली आहे.' तिने ती ओळ डोळ्यांनी ओलांडली आणि थेट तारीख वाचली.

"एवढंच ना?" लॉकरबाईंनी विचारलं.

मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

"एवढंच," ती म्हणाली.

"कुठे करू सही?"

तिने बोट ठेवलं. लॉकरबाईंनी त्या बोटाशेजारी सावकाश, पूर्ण नावाने सही केली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवून टेबलावर ठेवला. जायला निघाल्या, आणि दारातून वळल्या.

"गुणाची पोर आहे हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "हिला ठेवून घ्या."

"घेणारच आहे," मॅडम म्हणाल्या.