नाकोजींचं ‘आता’

“आता,” नाकोजी म्हणाले.

त्यांनी बीकर नाकाखालून बाजूला केला आणि मीटरवाल्या मुलीनं वेळ लिहून घेतली. मग तिनं मीटरकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मीटरच्या म्हणण्याप्रमाणे ते ‘आता’ पंचवीस मिनिटांपूर्वीच होऊन गेलं होतं.

“परत तेच, काका. माझंच काहीतरी चुकतंय.”

नाकोजी बीकर विसळायला लागले. गेले तीन दिवस हे असंच चाललं होतं.

काम तसं सोपं. टाकीतलं यीस्ट साखर खातं आणि गुलाबाच्या वासाचा अर्क बनवतं. पण तो अर्क जरा जास्त साचला की त्यातच गुदमरून मरतं. म्हणून टाकीतलं पाणी सतत एका उंच कॉलममधून, म्हणजे उभ्या नळकांड्यातून, फिरवायचं. कॉलममध्ये मोहरीएवढे पांढरे मणी ठासून भरलेले. अर्क मण्यांना चिकटून राहतो, उरलेलं पाणी टाकीत परत. मण्यांचं पोट भरलं की खालच्या तोटीतून येणाऱ्या पाण्याला वास यायला लागतो. तेव्हा लगेच दुसरा कॉलम जोडायचा. आता ती वेळ ओळखायची कुणी? लॅबचा निकाल यायला तास जातो. या इमारतीत पाय ठेवला की दहा मिनिटांत भल्याभल्यांची नाकं गुलाबाच्या वासाला बधिर होतात. नाकोजींचं नाक अठ्ठावीस वर्षांत कधी बधिर झालं नव्हतं. म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

आता नवीन मीटर आलं होतं आणि ते नाकोजींच्या नाकाशी जुळवून घ्यायचं होतं. शिष्यानं गुरूकडून शिकावं तसं, असं साहेब कौतुकानं म्हणाले होते. फक्त गुरूचं नाक महिन्यापूर्वीच्या तापात गेलं होतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. घरी दूध करपलं आणि बायको आतल्या खोलीतून धावत आली, तेव्हा नाकोजी शेगडीसमोरच उभे होते. “लक्ष नव्हतं,” एवढंच म्हणाले.

इथंही ते भिंतीवरच्या घड्याळाकडे चोरून बघत आणि चार तास झाले की ‘आता’ म्हणत. पण मणी जुने झाले होते, चार तासांच्या आतच भरत होते. टाकीतले बुडबुडे या आठवड्यात मंदावले होते, म्हणजे यीस्ट गुदमरत होतं, आणि ते का, हे नाकोजींना पक्कं माहीत होतं. त्यांच्या जिवाला घोर लागला होता. नाक गेलं म्हटल्यावर या इमारतीत आपण कोण, या प्रश्नापाशी त्यांची जीभ अडत होती.

मुलीनं तोवर मीटरच्या वायरी बदलल्या, नळी धुतली, पुन्हा जोडली. सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. तेवढ्यात साहेब आले.

“काय मॅडम, शिकलं का तुमचं मीटर?”

“अजून पंचवीस मिनिटांचा फरक येतोय, सर.”

“तीन दिवस झाले.” साहेबांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “मीटर परत पाठवा. आणि सोमवारपासून तुम्हीही येऊ नका. तुमच्या ऑफिसला कळवतो मी, जरा जाणतं माणूस पाठवा म्हणून.”

मुलगी मान खाली घालून वायर गुंडाळायला लागली. गुंडाळी हातातून सुटली. पुन्हा सुटली. नाकोजींना ते बघवेना.

“मीटर बरोबर आहे, साहेब.”

“अं?”

“मीटर बरोबर आहे. चुकतंय माझं. मला वास येत नाही. महिना झाला.”

साहेब हसले, अगदी प्रेमानं. “नाकोजीराव, मन फार मोठं तुमचं. पोरीची नोकरी वाचावी म्हणून स्वतःचं नाक कापून द्यायला निघालात.”

“खरंच सांगतोय.”

“नको, काका,” मुलगी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “माझ्यासाठी खोटं नका बोलू.”

हसावं की रडावं, नाकोजींना कळेना. महिनाभर खोटं बोलले ते सगळ्यांच्या गळी सहज उतरलं होतं, आणि आज खरं बोलत होते तर ते कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. खाली मागच्या आठवड्यातल्या मेलेल्या यीस्टची बरणी होती, घट्ट झाकण लावलेली. आतल्या घाणीच्या भीतीनं फेकायला कुणी हात लावत नव्हतं. ती त्यांनी टेबलावर आणून ठेवली आणि झाकण फिरवलं.

साहेब रुमाल नाकाला लावून मागं सरकले. मुलगी तोंड दाबून दाराकडे धावली.

“अहो, बंद करा ते,” साहेब रुमालाआडून म्हणाले. मग त्यांची नजर नाकोजींवर खिळली.

नाकोजींनी बरणी दोन्ही हातांनी उचलून चेहऱ्याशी धरली होती. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. म्हणून त्यांनी आणखी एक घेतला, त्याहून खोल.