पुलाचा हार

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, तरी बुवा हारासाठी थांबून राहिले. मध्यंतरात त्यांच्या गळ्यात पडणारा हार नेहमी ओढ्यापलीकडच्या द्वारकाआत्याच ओवायच्या. पाय अधू झाल्यापासून त्या तो कुणाच्या तरी हाती लाकडी साकवावरून पाठवायच्या आणि कीर्तन वाऱ्यावर येईल तेवढंच ऐकायच्या.

यंदा आमच्या ग्रामपंचायतीनं देवळापुढचा रस्ता मागं ठेवून सगळा निधी पक्क्या पुलाला दिला. "चिखल आम्ही तुडवू, आधी आत्यांच्या दारात रिक्षा जाऊ दे," असं देवळाच्या आळीनंच ग्रामसभेत सांगितलं होतं. म्हणून आज आत्या हार घेऊन स्वतः येणार होत्या.

रिक्षा आली. दोघींनी धरून आत्यांना पुढे आणलं. बुवांनी मान वाकवली, पण आत्यांचे हात रिकामे!

"बुवा, रागावू नका हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "पूल दिसला आणि राहवलंच नाही. रिक्षा थांबवली नि हार त्याच्या कठड्याला घातला."

"अहो आत्या, सरकारी पुलाला हार?" सरपंच हसले.

"मग! त्यानंच आणलं ना मला इथवर?"

बुवांनी आत्यांच्या कपाळी बुक्का लावला. "यापुढे पहिला हार त्याचा, माझा दुसरा," म्हणाले आणि तसेच मोकळ्या गळ्यानं उभे राहिले.

उत्तररंगाचं पहिलं पद आत्यांनी वाऱ्याची वाट न पाहता ऐकलं.