अकरावी वॅगन

कानसेनने अकराव्या वॅगनच्या पोटावर लाकडी हातोडा घातला, कान लावला आणि वैतागून मान झटकली. "काय डोंबल ऐकू येणार! बंद करा रे तो कंप्रेसर!"

नरसाळ्यासारखं निमुळतं पोट, खाली झडप. झडप उघडली की सिमेंट भसाभस खाली येतं, पण थोडं कोपऱ्यात चिकटून बसतंच. वरून डोकवावं तर नुसती धूळ. म्हणून ठोकायचं आणि ऐकायचं. भरलेली वॅगन मुकी राहते, रिकामी घंटेसारखी गाते. तीस वर्षं कानसेन ते गाणं ऐकत आला होता. त्याने खडूची फुली मारली की वॅगन परत निघायची.

गेल्या महिन्यात मात्र एक वॅगन पोटात सिमेंट घेऊन गेली आणि त्याचा आत दगड झाला. साहेब म्हणाले, "आणखी एक चूक, की हातोडा खाली ठेवायचा."

आणि त्यात आठवडाभर हा घोंघाट! शेजारच्या शेडमधला कंप्रेसर, आणि तो चालवणारा कोण, तर सख्खा मेहुणा.

मेहुणा आला. अलीकडे यायचा तसा अगदी समोर येऊन उभा राहिला. कपडे परीटघडीचे, तेलाचा एक डाग नाही.

"भावोजी, ही रिकामी आहे. मी ऐकली," तो ओरडून म्हणाला.

"तू? बहिणीची हाक तुला कधी ऐकू आली नाही, नि वॅगन ऐकतोस! आधी ते धूड बंद कर."

"करतो."

"सकाळपासून करतोयस!"

मेहुणा शेडकडे गेला, लगेच परतला, मान डोलावली. कानसेनने पुन्हा ठोका घातला. छे! तोच घोंघाट, गांधीलमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा. वॅगनचा सूर त्यात कुठल्या कुठे बुडाला. वळणावर इंजिन दिसू लागलं. शेडच्या पत्र्यावर कबुतरं पंख मिटून निवांत ऊन खात होती. त्यांचाही त्याला राग आला.

"मारा ना फुली, भावोजी. माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास कानावर ठेवायचा असतो, मेहुण्यावर नाही. थांब, मीच करतो बंद!"

हातोडा टाकून तो तरातरा निघाला. मेहुण्याने आडवं येऊन त्याचा दंड धरला. "तिकडे नका जाऊ. पाया पडतो तुमच्या."

"सोड! माझी भाकरी जायची वेळ आलीय त्या मशीनपायी!"

हात हिसडून त्याने शेडचं दार ढकललं.

आत मोकळा चौथरा होता. चार उघडे बोल्ट, आणि त्यांच्या मधोमध कबुतरांनी आणून टाकलेल्या काटक्या. घोंघाट तसाच चालू होता.