तानसेंगकोंची सून

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा म्हातारा सेल्फी देत होता. शेजारी उभा फिलिपिनो पार्सलवाला त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हता, पण आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "मॅडम, हे कोण आहेत माहितीये? बेनितो तानसेंगको! माझ्या बापाने घरात यांचा फोटो लावला होता!"

अस्मिताला चांगलंच माहीत होतं. तो तिचा सासरा होता. लग्नाला बारा वर्षं झाली, तो आज पहिल्यांदा दारात आला होता, आणि तोही त्याचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा एडसन, जाऊन एकवीस दिवस झाल्यावर.

तो वाकून आत आला. दुबईत अल मनखूलच्या जुन्या बिल्डिंगमधली दारं सव्वासहा फुटी माणसांसाठी नसतातच. एडसनही असाच वाकून यायचा. अस्मिताला संताप आला. आता अशा माणसाला चहा विचारायचा की नाही? पुण्याची असूनही तिने विचारला. त्याने मान हलवून नको म्हटलं आणि तो खुर्चीत बसला.

सोफ्यावर खालच्या मजल्यावरच्या अनुराधाकाकू ठाण मांडून बसल्या होत्या. "एकटी भेटू नकोस गं त्याला," असं म्हणून सकाळपासून आल्या होत्या.

मनिलात एके काळी या माणसाचं नाव प्रत्येक पोराच्या तोंडी होतं. वडील चिनी, हार्डवेअरचं दुकान. हा बास्केटबॉलच्या कोर्टावर उतरला की गॅलरीतून लोक ओरडायचे, "चिन्या, चीनला जा!" मग याने देशाकडून खेळून एक फायनल जिंकून दिली आणि त्याच लोकांनी याला खांद्यावर घेऊन मिरवलं. ही गोष्ट एडसन फार अभिमानाने सांगायचा. तोही मनिलात सात वर्षं व्यावसायिक लीग खेळला, मग कोच म्हणून दुबईला आला. अस्मिता जबल अलीतल्या ज्या कंपनीत एचआरला होती, तिची बास्केटबॉल टीम त्याच्याकडे आली आणि तिथेच दोघांचं जमलं.

बापाने फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं. सून चिनी घरातलीच हवी, नाहीतर मनिलाला येऊ नकोस. एडसन गेला नाही. ज्याला स्वतःला परका म्हणून हाकलत होते, त्याने सुनेला परकी म्हणून बाहेर ठेवावं? या माणसाला काय म्हणावं, सांगा!

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारच्या मॅचमध्ये, एडसन फ्री थ्रो टाकायला उभा राहिला आणि तिथेच कोसळला. एकोणचाळीस वर्षांचा होता. जबल अलीला दहन झालं. मनिलाहून कुणी आलं नाही. अस्थी अजून घरातच होत्या, टीव्हीच्या शेजारी, तांब्याच्या कलशात. घरात ठेवू नयेत, काकूंचं दहा वेळा सांगून झालं होतं. पण अस्मिताच्या हातून तो सुटत नव्हता. सकाळी उठून ती आधी कलशापाशी जायची, मग ब्रश करायची. तेवढंच तर उरलं होतं तिच्याकडे.

म्हाताऱ्याची नजर कलशावर गेली आणि तिथेच थांबली. त्याने एकदा हात पुढे केला, पण लावला नाही. मग कोटाच्या आतून पाकीट काढलं, त्यातला कागद काढला आणि टीपॉयवर पसरायला लागला.

"एनओसी आणलीय बघ," काकू मराठीत म्हणाल्या. "अस्थी न्यायच्या तर बायकोची सही लागते. सही करू नकोस हां अस्मिता. खलास, विषय संपला, म्हण आणि दार दाखव."

अस्मिता कलशाच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिचं इंग्लिश खणखणीत निघालं. "मी सही करणार नाही. तो जिवंत होता तेव्हा तुम्हाला नको होता. आता त्याला मी कुठेही पाठवणार नाही."

"सही नको," म्हातारा म्हणाला. "आधी बघ तर खरं."

तो फॉर्म नव्हताच. मनिलातल्या कबरीच्या दगडाचं चित्र होतं. डाव्या बाजूला काळ्या शाईत चिनी अक्षरांची एक उभी ओळ होती, खाली इंग्लिशमध्ये एडसनचं नाव. उजव्या बाजूला लाल पेन्सिलीने आखलेली एक रिकामी चौकट होती.

"आमच्यात अस्थी पुरतात आणि नवऱ्याशेजारी बायकोची जागा राखून ठेवतात," तो म्हणाला. "ती जिवंत असेपर्यंत तिचं नाव लाल रंगात असतं. दगड कोरणारा म्हणाला, चिनी नाव ठेवून द्या. मी म्हटलं, नको, ते तिचं नाव नव्हे. तुझ्या लिपीत तू लिहून दे. तो तसंच कोरील." मोठे, गाठाळलेले हात त्याने गुडघ्यांवर ठेवले. "हे बारा वर्षांपूर्वीच लिहून घ्यायला हवं होतं. माझी चूक झाली, पोरी. मोठी चूक झाली."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अस्मिताने पेन उचललं, पण कलशापुढून ती हलली नाही.

"आणि हा?" तिने विचारलं. "याला न्यायला आलात ना?"

म्हातारा उठला. वाकून, अगदी हळू, त्याने कलशाला कपाळ टेकवलं.

"त्याला तुझ्याकडेच राहू दे. तू मनिलाला येशील तेव्हा घेऊन ये. मी पुढे जाऊन थांबतो."