जेवूनच जा

मुलीचे होणारे सासू-सासरे चपला घालू लागले, तसं वृंदाताई सवयीने म्हणाल्या, "असं काय, जेवूनच जा आता."

"एवढं म्हणताय तर बसतो," म्हणत केतकरांनी चपला पुन्हा काढल्या.

वृंदाताई स्वयंपाकघरात आल्या, तर विजेची शेगडी तापेना. छतावरच्या सौर पॅनेलची वीज सगळी त्यांचं स्मार्ट घरच सांभाळायचं. त्यांनी दबक्या आवाजात घराला विचारलं.

घराने हॉलमधल्या स्पीकरवरून खणखणीत उत्तर दिलं. "उरलेली वीज शेजाऱ्यांना विकली. पाहुण्यांनी चपला घातल्यावर तुम्ही केलेला आग्रह आजवर कधीच खरा नव्हता. आज होता का?"

वृंदाताईंना भिंतीत गडप व्हावंसं वाटलं, पण भिंतीतही तेच होतं. लग्नाची बोलणी इथेच फिसकटणार, असं त्या धरूनच चालल्या.

केतकरबाई मात्र खुदकन हसल्या. त्यांनी फोन पुढे केला. त्यांच्या घराचा निरोप आला होता : 'तिकडे आग्रह होईल, पण जेवण मिळणार नाही. खिचडी टाकली आहे.'

"चला, मग सगळे आमच्याकडेच जेवू," केतकरबाई म्हणाल्या.

वृंदाताईंनी चपलेत पाय घातला, तोच केतकरबाईंचा फोन पुन्हा वाजला.

'तुम्ही बोलावलंत खरं, पण खिचडी दोघांपुरतीच आहे.'