शुक्रवारची कढई

"गुपित चोरलं म्हणता, तर ते काय होतं ते आधी सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "काय चोरीला गेलं हेच कळलं नाही, तर निकाल कशाचा देऊ?"

हान भांबावला. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या न्यायालयात बाहेरच्या माणसांना घालवून दारं लावून घेतली होती खरी, पण समोर समिदी बसलेलाच होता. हा समिदी हानच्या सोयासॉसच्या भट्टीवरचा जुना मुकादम. इतर कामगारांसारखाच तोही मालकाला 'कोह', म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. भट्टीतलं अक्षरही बाहेर सांगणार नाही असा करार लिहून देऊन हा पठ्ठ्या गावातल्याच दुसऱ्या भट्टीवर गेला होता. तिथला सॉसही आता अगदी तुमच्यासारखाच लागतो, असं गिऱ्हाइकं हानला तोंडावर सांगत होती. धंदा बसायची वेळ आली होती.

गुपित सांगावं तर ते समिदीच्या कानात जाणार, न सांगावं तर खटला बुडणार. इकडे आड, तिकडे विहीर. पण चोराला ते ठाऊकच असणार, मग लपवायचं कोणापासून? आणि ठाऊक नसलं तर? हानचं डोकं गरगरायला लागलं. वकिलाने त्याला कोपराने ढोसलं.

"शुक्रवारी दुपारी सगळे नमाजाला गेले," हान पुटपुटला, "की मी नारळाच्या करवंटीचा पेटता निखारा कढईत विझवतो. त्याने वास धरतो."

बापाने शिकवलेली ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

बाई समिदीकडे वळल्या. "एका शुक्रवारी गुडघा दुखतो म्हणून तुम्ही मागे थांबला होतात. तेव्हा पाहिलंत?"

"कुठलं पाहतोय, बाई! गोदामात घोरत पडलो होतो. आणि गिऱ्हाइकांना काय कळतंय? आमच्या सॉसला तो वासच येत नाही. नवा मालक त्यावरून रोज माझा उद्धार करतो." समिदी हानकडे बघतच राहिला. "निखारा! नुसता निखारा?"

तो खरं बोलतोय की सोंग करतोय, हानला काही केल्या कळेना. इतकी वर्षं शेजारी उभा राहिलेला माणूस, पण त्याचा चेहरा वाचता येईना. हानला आता समिदीपेक्षा स्वतःचाच राग यायला लागला.

समिदी पुढे वाकला. भट्टीवर काही अडलं की विचारायचा, तसंच त्याने विचारलं, "कोह, ताडगुळाच्या आधी की नंतर?"

"नंतर रे! आधी टाकलास तर अख्खी कढई कडू होईल!" हान वसकन बोलून गेला.

वकिलाने त्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

समिदीने मान डोलावली. "बरं, कोह. तसंच करतो."